मदत हवी आहे: ग्रुप एचआयआयटी (थोडा वेळ पूर्ण जोर, मग थोडा आराम) क्लास लावलाय, पण मी सिकलसेल वाहक आहे, चालू ठेवू का?

नमस्कार सगळ्यांना. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितेय, वय ३६, तालुक्याला पतसंस्थेत काउंटरवर बसते, घरून स्कुटीनं नऊ किलोमीटर. दिवसभर खुर्ची, घरी आलं की स्वयंपाक आणि पोरांचा अभ्यास. दिवाळीनंतर गावात शिबिर झालं त्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ निघालं, डॉक्टर म्हणाले शुगर नाही अजून पण उंबरठ्यावर आहे, हालचाल वाढवा. महिनाभर चालले, पण आमच्याकडे बाई सकाळी रोडनं एकटी दिसली की दहा जण विचारतात कुठं चालल्या, मग सुटलंच ते.

आता तालुक्याला जिनिंगच्या जुन्या गोदामात एका पोरानं ग्रुप क्लास सुरू केलाय, पुण्याला शिकून आलेला आहे. सकाळी साडेपाचला. चाळीस सेकंद काम, वीस सेकंद आराम, अशी आठ स्टेशनं आणि तीन फेऱ्या. ट्रॅक्टरचं टायर उलटवायचं, जाड दोर दोन्ही हातांनी आपटायचा, बर्पी (खाली झोपून उठून उडी), स्क्वॉट जंप (बैठक मारून उडी) वगैरे. अर्ध्याहून जास्त पोट्ट्या पोलीस भरतीवाल्या, ८०० मीटरचा टाइम कमी करायला येतात, आणि माझ्यासारख्या संसारातल्या तिघी-चौघी. मला लय आवडलं खरं सांगते. सगळ्या मिळून मोठ्यानं आकडे मोजतात, त्या आवाजात आपण एरवी कधीच केलं नसतं ते करून जातो.

पण पहिल्याच दिवशी दुसऱ्या फेरीत दोर आपटताना हातात जोरच उरला नाही. दुखत नव्हतं काही. दोराची लाट सुरुवातीला पार टोकाच्या हुकापर्यंत जात होती, ती माझ्यापासून दोन हातांवरच मरायला लागली, आणि मांड्या म्हंजे जशा आपल्या नाहीतच. खाली बसले. सर म्हणाले ताई बसायचं नाही, शरीर नाही थकत, मन थकते. उठून पुन्हा केलं मी, तिसरी फेरी मात्र नाही झाली. पुढं दोन दिवस पतसंस्थेचा जिना कठडा धरून चढत होते.

आता मुख्य गोष्ट. मी सिकलसेलची, म्हंजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, वाहक आहे, एएस, म्हंजे एक जीन चांगला आणि एक सिकलचा. मोठीच्या वेळी गरोदरपणातल्या तपासणीत कळलं, यांची तपासणी नॉर्मल आली तसा विषय तिथंच संपला. वाहक म्हंजे पेशंट नाही असं सांगितलं होतं आणि ते खरंच आहे, एवढ्या वर्षांत काही झालं नाही, कापूस वेचते, सोयाबीन सोंगायला जाते. पण शेतात आपण आपल्या चालीनं करतो, इथं घड्याळ लावून आहे. त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की याचा त्याच्याशी संबंध असेल का. घरी विचारलं तर हे म्हणाले, "करतं त कर, पण पडशीन कुठं त मले नको सांगू." कोणी वाहक असून असा व्यायाम करतं का? सरांना सांगावं का, सांगितलं तर काढून तर नाही टाकणार? सोडायचं नाहीये मला, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद, अमरावतीहून

ताई, सिकलसेलबद्दल जाणकार सांगतील, मी फक्त नवशिक्याचं सांगतो. माझे मामा इथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले, १९१४ पासूनची संस्था आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथले लोक आपले देशी खेळ दाखवायला गेले होते. मामा नव्या पोराला पहिल्या दिवशी दहा बैठका काढायला लावायचे आणि अकरावी काढली की रागवायचे. तुम्हाला पहिल्याच दिवशी भरतीच्या पोरींच्या बरोबरीनं तीन फेऱ्या लावल्या, चूक तिथं आहे. हे वीस सेकंद जोर, दहा सेकंद आराम वगैरे ज्या ताबाता पद्धतीवरून पसरलं तो जपानमधला १९९६ चा अभ्यास क्रीडा शिकणाऱ्या तरुण मुलांवर केलेला होता, तोही सायकलवर. छत्तिशीत खुर्चीवरून उठून आलेल्या माणसावर नाही.

प्रतिसाद, नागपूरहून, मी फिजिओथेरपिस्ट आहे

ताई, आधी एक सांगा, त्या दोन दिवसांत लघवीचा रंग कसा होता? कोऱ्या चहासारखा किंवा कोल्ड्रिंकसारखा काळपट झाला असेल तर आजच दवाखाना, उद्यावर ढकलू नका.

वाहकांना व्यायाम बंद नाही, उलट तुमच्या शुगरसाठी हवाच आहे. पण न थांबता पूर्ण जोर लावला की स्नायूत ऑक्सिजन कमी पडतो, आम्ल साचतं, त्यात ऊन आणि पाणी कमी असेल तर एएसवाल्यांच्याही काही लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. स्नायू मरायला लागला की त्यातलं प्रथिन किडनीत जाऊन बसतं. अमेरिकेच्या लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ ला आला, त्यात वाहकांमध्ये मृत्यू जास्त नव्हते, पण स्नायू फुटण्याचा हा प्रकार साधारण दीडपट दिसला.

पेटका आला तर स्नायू दगडासारखा होतो आणि माणूस कळवळतो. यात तसं होत नाही, दुखण्यापेक्षा ताकदच जाते, हात लावला तर मऊ लागतो, माणूस बोलत बोलत खाली बसतो. तुम्ही लिहिलेलं वाचून मला तेच खटकलं. नुसती सवय नसल्यानंही असं होतं, इथून सांगता येणार नाही, म्हणून पुन्हा क्लासला जायच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवा. आणि सरांना नक्की सांगा. तुम्ही बसलात की कोणी उठवायचं नाही, एवढी एक गोष्ट त्यांनी मान्य केलीच पाहिजे. सुरुवातीला वीस सेकंद काम, चाळीस सेकंद आराम, एकच फेरी, काम करताना एक वाक्य बोलता आलं पाहिजे. ताप, जुलाब, उपास असेल त्या दिवशी सुट्टी.

प्रतिसाद, ब्रह्मपुरीहून

मीपण एएस आहे ताई, झुंबा करते तीन वर्षांपासून. होळी झाली की लक्ष ठेवा. टिनाच्या गोदामात रात्रीची गरमी तशीच कोंडून राहते, आमच्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा अंगाला धग लागते. मी नवतपात, म्हंजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पूर्ण बंद ठेवते. घरून निघतानाच दोन पेले पाणी पिऊन निघा, तिथं तहान लागायची वाट नका पाहू.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लघवी नेहमीसारखीच होती, तरी ग्रामीण रुग्णालयात दाखवून आले, रक्त तपासलं, सीपीके की काय ते, स्नायूला इजा झाली की वाढतं म्हणे, थोडं वाढलेलं आहे, पंधरा दिवस थांबा म्हणाले, मग पुन्हा तपासून हळूहळू सुरू करा.

सरांशी बोलले. पोरगा घाबरला एकदम, त्याला माहीतच नव्हतं, म्हणे आम्हाला हे शिकवलंच नाही ताई. फिजिओताईंचा प्रतिसाद त्याला मोबाईलवर वाचायला दिला, दोनदा वाचला त्यानं. दुसऱ्या दिवशी त्यानं क्लासमध्ये सगळ्यांना विचारलं कोणाकोणाची सिकलसेल तपासणी झालीये. बावीस जणींत चौघींनी हात वर केले, त्यातल्या दोघी वाहक, दोघीही भरतीच्या, आणि कोणालाच पळण्याबद्दल कोणी काही सांगितलेलं नाही. बाकीच्या अठरा जणींना तर माहीतच नाही आपलं काय आहे ते. सोमवारी त्यांना घेऊन उपकेंद्रात जातोय तपासणीला.

फिजिओताई, अजून एक विचारायचं होतं, त्या दोघींची ग्राउंड, म्हंजे भरतीची मैदानी चाचणी, महिन्यावर आलीये, ८०० मीटर त्यांना जीव तोडूनच पळावं लागणार, त्यांनी सराव कसा करावा ते सांगाल का?