विषय: ईडेलचा हिशोब आणि ते दाणे

मंडळी,
रविवारी आपण इंग्लंडातल्या ईडेलच्या डोंगरांत चालायला गेलो, त्याचा हिशोब लागत नाही. माणशी ६ पौंडांप्रमाणे ३१ जणांचे १८६ जमले. पावत्या १९३.४० च्या. एक पावती ४४.४० ची: सोललेले खारे दाणे, क्रिस्प्स, बाटलीचं पाणी, चॉकलेट लावलेली बिस्किटं. वीस टक्के व्हॅटवाल्या वस्तू जणू वेचून घेतल्यात. व्हॅट धरलेल्या किमतीचा सहावा हिस्सा व्हॅट, म्हणजे ७.४०. कमी पडलेत तेही बरोब्बर ७.४०. पुढच्या वेळी खरेदीची यादी आधी मला दाखवावी.
– खजिनदार

> यादी आधी मला दाखवावी

खरेदी मी केली, शनिवारी रात्री साडेनऊला, कारण दुसरं कोणी हात वर केला नाही. फळीवर लिहिलेल्या किमतीत व्हॅट मुरलेला असतो, तो मला दिसणार कसा? आणि आपण चॅरिटी आहोत ना? मग मागा की परत.
– स्टॉकपोर्टकर

चॅरिटी असलो म्हणून व्हॅट परत मिळत नाही, त्याला व्हॅटची नोंदणी लागते. ती सक्तीची होते वर्षाला ९०,००० पौंडांच्या करपात्र उलाढालीवर. आपली उलाढाल गणपतीचे मोदक धरूनही कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे.
– खजिनदार

अहो, टरफलासकट शेंगा घ्यायच्या! त्यांच्यावर व्हॅट शून्य. कच्चे दाणे आणून घरी भाजले तरी शून्य. लाडू-बर्फीवरही नाही, म्हणून मी दर वेळी लाडूच आणते. यंदा मला कोणी विचारलंच नाही, असो.
– बोल्टनकर काकू

काकू, शेंगा आणल्या तर टरफलं कोण उचलणार? आपल्याकडे त्या बाबतीत सगळेच टिळक.
– सेलवाला (सेल गावचा)

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीकडे चढताना खालचं फाटक आपल्यापैकी कोणीतरी उघडं टाकलं. मेंढ्या वाटेवर आल्या आणि शेतकऱ्याचं बोलणं मी खाल्लं, कारण पुढे मी होतो. फाटकावरचा पिवळा बाण म्हणजे पायी जायचा हक्क, फाटक उघडं ठेवायचा नव्हे. शेजारच्या किंडर स्काउट डोंगरावर, तेव्हा खाजगी असलेल्या जमिनीत, १९३२ मध्ये लोक मुद्दाम घुसले, त्यातले काही तुरुंगात गेले, तेव्हा कुठे या डोंगरांवर मोकळं फिरायची वाट झाली. आणि मॅम टॉर डोंगरावरून मोडक्या रस्त्याने उतरायचं परस्पर कोणी ठरवलं? डोंगर घसरतो म्हणून तो रस्ता १९७९ मध्ये गाड्यांना बंद झालाय. वाट मी ठरवतो, गेली चौदा वर्षं.
– माजी सचिव

> परस्पर कोणी ठरवलं

मी. बंद गाड्यांना आहे, पायी लोक रोज जातात. डांबराचे थर पायरीपायरीने खचलेले बघून पोरं खूश झाली. वर चढताना हीच पोरं रडत होती.
– स्टॉकपोर्टकर

नवीन आहे, चुकलं तर सांगा. माझ्या पायाचा नंबर लहान, म्हणून चालायचे बूट मुलांच्या विभागातून घेतले. त्यावर व्हॅट नाही. कागदी नकाशावरही नाही. जाफा केक (बिस्किटाएवढा, वर चॉकलेट लावलेला) तर १९९१ मध्ये न्यायाधिकरणात केक ठरला म्हणून सुटला, बिस्किट ठरता तर चॉकलेटपायी वीस टक्के. भारतात पॉपकॉर्नच्या जीएसटीवर लोक हसत होते, तेव्हा मला हेच आठवलं.
– सॅलफर्डहून

मुलांचे बूट घोट्याला धरत नाहीत हो. माझा पाय लोझ हिलवर मुरगळला तो तसल्याच बुटांत. तीन आठवडे हळदीचा लेप लावून बसले होते.
– बोल्टनकर काकू

काकू, लेप राहू दे. ७.४० चं काय?
– खजिनदार

भरले. बँकेत संदर्भ म्हणून 'टरफलं' लिहिलंय. पुढची खरेदी माजी सचिवांनी करावी, वाटेत दुकान लागतंच.
– स्टॉकपोर्टकर

निळ्या डब्याचं झाकण माझ्याकडे आलंय. डबा कोणाकडे आहे?
– सेलवाला