खुराड्याच्या छपरासाठी कौले की पत्रा, आणि वासे किती जाडीचे?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमच्या परड्यात वीस गावठी कोंबड्यांसाठी १० फूट लांब व ८ फूट रुंद असे खुराडे मी स्वतः बांधले आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, तीन फूट उंच असून त्यावर जाळी आहे. चार कोपऱ्यांना निलगिरीचे खांब आहेत. अडचण केवळ छपराची आहे.

पहिल्या वर्षी बांबूवर ताडपत्री ताणली होती, परंतु आषाढातल्या पावसात मधोमध पाणी साचून बांबू वाकले. नंतर साधा पत्रा घातला; तो गळत नाही, मात्र एप्रिलमध्ये दुपारी कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात आणि थंडीत पहाटे पत्र्याच्या आतून थेंब पडून खालचा भुसा ओला होतो. पत्र्यावर गवत पसरून पाहिले, तर त्यात उंदीर झाले.

जुन्या घराची सुमारे दीडशे मंगळुरी कौले माझ्याकडे पडून आहेत आणि तीच वापरावीत असे मनापासून वाटते. मात्र एका कौलाचे वजन दोन-अडीच किलो धरले, तरी एकूण भार साडेतीनशे किलोंच्या आसपास जातो. सध्याचा एकपाखी, म्हणजे एकाच बाजूचा, उतार आठ फुटांत जेमतेम एक फूट आहे, म्हणजे कौलांसाठी तो अपुराच. लोखंडी सांगाड्याचा खर्च परवडणार नाही. लाकूड घरचे आहे.

अशा स्थितीत आढे, म्हणजे मधोमध उंचावर आडवे लाकूड, घालून दोन्ही बाजूंना उतरणारे दुपाखी छप्पर केल्यास वासे किती जाडीचे व किती अंतरावर घ्यावेत, आणि हेच चार खांब तो भार पेलतील, की मध्ये आणखी दोन रोवावे लागतील?