जॅक्सन हाइट्सला आईबाबांना घेऊन जायचंय, काय दाखवू?

प्रेषक: मृण्मयी, जर्सी सिटी

नमस्कार मंडळी,

आईबाबा सांगलीहून आलेत. स्वातंत्र्यदेवी, टाइम्स स्क्वेअर, नायगारा सगळं उरकलं. आता बाबा म्हणतात, "इमारती पुष्कळ झाल्या, माणसं राहतात ते दाखव." एक दिवस न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जॅक्सन हाइट्सला न्यावं असा विचार आहे. गाडी नाही. बाबा पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आई मासे खाते आणि दुकानात शिरली की लवकर बाहेर येत नाही. ऑफिसमधले म्हणतात तिकडे आता काही राहिलं नाही. खरं आहे का?

प्रेषक: प्रकाश, एडिसन

मृण्मयी, ऑफिसातले बरोबर सांगतायत. आम्ही 80 च्या दशकात जायचो, कारण दुसरीकडे धड हिंगसुद्धा मिळत नव्हता. भारतात जाताना 220 व्होल्टवर चालणारी यंत्रं न्यायची तर 74 स्ट्रीटवरचं सॅम अँड राज गाठायचं. पुढे ईगल थिएटरला हिंदी पिक्चर लागायला लागले, तेही 2009 मध्ये बंद पडलं. साड्या, सोनं, किराणा, जे म्हणशील ते आता इकडे एडिसनच्या ओक ट्री रोडवर आहे, आणि गाडी लावायला जागा मिळते. तिथे पार्किंग शोधण्यातच दुपार जाते. आईबाबांना घेऊन इकडे ये, मी स्टेशनवर घ्यायला येतो.

प्रेषक: शुभांगी, एल्महर्स्ट

नमस्कार,

काकांचं म्हणणं किराण्यापुरतं पूर्ण खरं आहे. तूरडाळ आणि पोहे घ्यायला जर्सीहून क्वीन्सला येणं म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा. 74 स्ट्रीटवर किराण्याचं पटेल ब्रदर्स आहे, 22 कॅरट सोन्याची दुकानं आहेत, साड्या आहेत, पण आपली बरीच मंडळी लाँग आयलंड आणि जर्सीकडे सरकून जमाना झाला.

मात्र ते गेले म्हणून जागा ओस पडली नाही. बांगलादेशी आले, नेपाळी आले, तिबेटी आले. पूर्वेला कोलंबिया-इक्वेडोरची माणसं आधीपासून होतीच. काका, तुम्ही शेवटचे गेलात तेव्हाचं जॅक्सन हाइट्स शोधायला गेलात तर काही राहिलं नाही हे खरंच वाटेल. मृण्मयी, तू यादी-पिशवी घरी ठेव आणि बाबांना चालायला आण. ते म्हणतात ते सगळं इथे आहे.

येणं सोपं आहे. पाथ गाडीने वर्ल्ड ट्रेड सेंटर, तिथेच सबवेची ई गाडी सुरू होते, बसायला जागा मिळते, आणि थेट जॅक्सन हाइट्स–रूझवेल्ट अव्हेन्यू. शनिवार-रविवारी रुळांची कामं चालतात, तेव्हा निघण्याआधी वेळापत्रक बघ. पत्ते शोधताना एक लक्षात ठेव: इथे 37 अव्हेन्यू वेगळा, 37 रोड वेगळा आणि दोन्ही शेजारी-शेजारी. घर क्रमांकात मधे रेघ असते. 74 स्ट्रीटवर 37-27 असं दिसलं तर 37 अव्हेन्यूच्या जवळ समज.

स्टेशनबाहेर आलात की डायव्हर्सिटी प्लाझा. 2011 पर्यंत तिथून गाड्या जायच्या, मग 37 रोडचा तेवढा तुकडा माणसांसाठी मोकळा केला. दुपारनंतर बांगलादेशी मंडळी इथे ढाक्याच्या राजकारणावर तावातावाने भांडतात. बाबांना भाषा कळणार नाही, पण विषय कळेल. आजूबाजूला फुचक्याच्या गाड्या असतात. पाणीपुरीच्या जवळची चीज, आत वाटाणा-बटाटा, बाजूला चिंचेचं पाणी. बाबांसाठी महत्त्वाचं: वरून उकडलेलं अंडं किसून घालतात. ऑर्डर देतानाच "अंडं नको" सांगायचं, प्लेट हातात आल्यावर नाही. झालमुरीला, म्हणजे चुरमुऱ्यांच्या बंगाली भेळेला, मोहरीचं कच्चं तेल असतं, नाकात जातं. मला भेळेपेक्षा आवडते. हे इथे लिहिल्याबद्दल मला मंडळातून काढू नका.

जेवायला मोमो. रूझवेल्ट अव्हेन्यूवरच्या नेपाली भान्छा घरात झोल मोमो मिळतात, म्हणजे पातळ, आंबट-तिखट रश्श्यात बुडवलेले. शाकाहारी सारण असलं तरी झोल कशाचा आहे ते विचारून घ्या. तिबेटी ठिकाणी लाफिंग मागा: मुगाच्या स्टार्चचे गार, बुळबुळीत, लालभडक तिखट रोल. आईला पहिल्या घासाला विचित्र वाटेल. मीठ घातलेला लोण्याचा चहा एकच मागवा, तिघांत. बहुधा तोही उरेल.

मग 37 अव्हेन्यूने पूर्वेकडे चालत सुटा. पाच मिनिटांत पाट्या बंगालीतून स्पॅनिशमध्ये जातात. 77 स्ट्रीटपाशी अरेपा लेडी नावाचं खाण्याचं दुकान आहे. अरेपा म्हणजे मक्याची भाकरी. ही लेडी म्हणजे मारिया कानो, कोलंबियातल्या मेडेयीनमध्ये न्यायाधीश होत्या. 80 च्या दशकात इकडे आल्या आणि रूझवेल्ट अव्हेन्यूवर, 7 नंबरच्या गाडीच्या पुलाखाली, रात्री हातगाडीवर अरेपा भाजून विकत. आता घरच्यांनी त्याच नावाने दुकान थाटलंय. अरेपा दे चोक्लो घ्या: कोवळ्या मक्याचं गोडसर धिरडं, घडी घालून आत चीज. बाबांना चालेल. शेजारच्या कोलंबियन बेकऱ्यांत पानदेबोनो मिळतो, साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्याच कंदाचं पीठ आणि चीज. तरीही एकादशीला आणू नका, त्यात अंडं असतं.

आता उत्तरेला वळा. 35 अव्हेन्यू आणि 81 स्ट्रीटच्या कोपऱ्यावर रस्त्याची पाटी बघा, अक्षरांखाली बारीक आकडे आहेत. अक्षरांच्या गुणांवर चालणारा स्क्रॅबल हा शब्दखेळ तयार करणारे आल्फ्रेड बट्स इथले. मंदीत काम गेलेले वास्तुविशारद. कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये लोकांना बसवून खेळ घासूनपुसून घेतला.

याच भागात विटांच्या सहा-सहा मजली जुन्या इमारती आहेत. बाहेरून साध्या, पण अख्ख्या चौकाच्या पोटात एकेक बाग दडलेली. फाटकातून डोकावता येतं. आतून बघायची तर जूनमधल्या ठरावीक शनिवार-रविवारी. क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या कंपनीने हे वसवलं, मॅनहॅटनला जोडणारा क्वीन्सबरो पूल 1909 चा आणि रूझवेल्ट अव्हेन्यूवरून उंचावर धावणारी आगगाडी 1917 ची, त्या भरवशावर. 1993 पासून हा परिसर ऐतिहासिक म्हणून जपलाय. जाहिराती बागांच्या करायचे, पण ज्यूंना आणि काळ्यांना इथे घर द्यायचं नाही असा दंडक होता. 1965 मध्ये परदेशातून येणाऱ्यांसाठीचा कायदा बदलला, आपण आलो, आणि त्याच कंपनीच्या बागांभोवती आज किती भाषा ऐकू येतात ते बाबांनीच मोजावं.

परत येताना 34 अव्हेन्यूने या. 2020 च्या मे महिन्यात, करोनात माणसांना हवा खायला जागा हवी म्हणून हा रस्ता गाड्यांना बंद केला. 69 स्ट्रीटपासून जंक्शन बुलेव्हार्डपर्यंत, सव्वा मैलाच्या वर. तात्पुरतं म्हणून केलेलं, अजून चालू आहे, आणि त्यावरून शेजारी-शेजारी अजून भांडतात. मुलं सायकल शिकतात, आज्या खुर्च्या टाकून बसतात. रविवारी ट्रॅव्हर्स पार्कजवळ शेतकऱ्यांचा बाजार असतो, म्हणून शनिवारपेक्षा रविवारच धर. जूनचा पहिला रविवार आला तर 37 अव्हेन्यू क्वीन्स प्राइडच्या मिरवणुकीने भरलेला असेल. 1990 मध्ये हुलिओ रिवेरा या समलिंगी तरुणाचा इथल्या शाळेच्या आवारात खून झाला, त्यातून उठलेल्या लोकांनी 1993 मध्ये ही मिरवणूक सुरू केली. गर्दीला घाबरू नका, आईबाबांना कडेला उभं करा, लोक पाणी आणून देतात.

प्रेषक: नितीन, हिक्सव्हिल

शुभांगीताईंनी सगळं लिहिलं आणि मासे विसरल्या, यावरून माहेर घाटावरचं हे कळलं. 🙂

मृण्मयी, आई मासे खातात ना? 73 स्ट्रीटवरच्या बांगलादेशी किराणा दुकानांत घेऊन जा. सुके बोंबील मिळतात. "लोइट्टा शुटकी" म्हणून मागायचे. हिलसा, रोहू, पापलेट, कोळंबी, सगळं गोठलेलं. अख्खा मासा दाखवलात की करवतीच्या यंत्रावर कापून देतात, पण तुकडी किती जाड ते आधी बोटांनी दाखवा, नाहीतर ते त्यांच्या रश्श्याच्या मापाने कापतात आणि आपल्या तव्यावर ती तुकडी शिजत नाही. खारवलेला हिलसाही असतो, तो मात्र सराव नसलेल्याने घेऊ नये.

सुकटाला दोन पिशव्या घाला आणि वर झिप लॉक. ई गाडीचा डबा बंद असतो.

प्रेषक: मृण्मयी, जर्सी सिटी

शुभांगीताई, नितीनदादा, खूप आभार. प्रकाशकाका, ओक ट्री रोडला नक्की येऊ, पण दुसऱ्या दिवशी. दोनच प्रश्न: बाबांचा गुडघा जिने चढू देत नाही, आणि वाटेत स्वच्छतागृह कुठे?

प्रेषक: शुभांगी, एल्महर्स्ट

माहेर वाईचं, नितीन. आमच्याकडे कृष्णेचे मासे होते!

मृण्मयी, वर्ल्ड ट्रेड सेंटरला आणि रूझवेल्ट अव्हेन्यूला, दोन्हीकडे लिफ्ट आहे. बिघडलेली नाही ना, हे निघायच्या आधी सबवे चालवणाऱ्या एमटीएच्या साइटवर बघ. मोमोच्या बऱ्याच खानावळी तळघरात किंवा माडीवर असतात, तिथे बाबांना नेऊ नकोस. आई वर जाऊन बांधून आणेल, प्लाझातल्या बाकावर बसून खा. स्वच्छतागृहासाठी जिथे जेवाल तिथेच जाऊन घ्या. पुढे अरेपा लेडीपाशी पुन्हा थांबणार आहातच.

फुचक्याच्या गाड्यांवर बऱ्याचदा रोखच चालते. पाच-पाचच्या नोटा खिशात असू देत.