मदत हवी आहे: कबड्डी स्पर्धेच्या तोंडावर पंचांनी अंग काढून घेतलं

मंडळाचा_चिटणीस
शनिवारी स्पर्धा सुरू होतेय. ठरलेल्या सहा पंचांपैकी चौघांनी काल "जमणार नाही" कळवलं. मानधन वाढवतो म्हटलं तरी नाही, म्हणे पंचगिरीच सोडली. सगळे एकदम का सोडतात? आणि आता काय करू? लवकर सांगा.

तिसरी_चढाई
संघ किती? मैदानं किती? माती की मॅट? पुरुष की महिला?

मंडळाचा_चिटणीस
पुरुष, १६ संघ, बाद पद्धत, दोन मैदानं, माती, रात्री. सगळीकडे असतं तसंच. पंच कुठे मिळतील ते सांगा ना.

तिसरी_चढाई
मग घोळ आधीपासूनच आहे. एका सामन्याला सहा जण लागतात: सरपंच (मुख्य पंच), दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक. दोन मैदानांना बारा. तुम्ही सहाच बोलावले होते. पहिल्या फेरीचे आठ सामने, म्हणजे मैदानामागे चार. २०-५-२० मिनिटं, वर टाइमआउट आणि हुज्जत धरून प्रत्येकी तास. सलग चार तास उभं राहून बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण) बघायचा म्हटल्यावर चौथ्या सामन्यात नजर चुकणारच. आणि शिव्या त्या चुकीला पडतात, थकव्याला नाही.

लॉबीतला_गडी
मातीवर खेळवलं की हेच होणार. मॅट भाड्याने आणा.

फक्कीवाला
मॅटने पंच मिळतात होय? मातीवर रेषा पुसतात हे खरं, पण प्रत्येक सामन्याआधी आणि मध्यंतराला फक्की (पांढरी पूड) मारली की काम भागतं. बोनसला पुढचा पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा त्याच वेळी हवेत हवा. पुसट रेषेवर हे पंचाला दिसत नाही, पण दोरीपाशी बसलेल्या तीनशे जणांना मात्र दिसतं! त्यात समालोचक. पंचाचा हात वर जायच्या आत तो माइकवरून "बोनस!" ओरडतो. नंतर पंचाने नाही म्हटलं की पंच चोर. त्याला आधी आवरा. पंचाने खूण केल्याशिवाय गुण उच्चारायचा नाही.

रेड_मास्टर
पंच परीक्षेला लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक असतं. नियमपुस्तक पाठ करा, मैदानाची मापं हमखास विचारतात: १३ × १० मीटर, निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटर, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा.

फक्कीवाला
परीक्षेचं कोणी विचारलं?

जुना_कोपरारक्षक
गावातले जुने खेळाडू उभे करा. त्यांना सगळं कळतं.

तिसरी_चढाई
खेळ कळतो, पंचगिरी नाही. शिवाय गावचा संघ खेळत असेल तर पहिल्याच लोणला, म्हणजे अख्खा संघ बाद झाला की, भांडण. त्यांना सहायक गुणलेखक करा: बाद झालेल्यांचा क्रम लिहायचा आणि त्याच क्रमाने आत सोडायचं. शिट्टी देऊ नका.
चिटणीस, एकच मैदान ठेवा. शनिवारी पाच, रविवारी पाच, सोमवारी उरलेले पाच. जिल्हा संघटनेकडे आजच लेखी मागणी द्या, आठ अधिकारी मागा म्हणजे दोघांना आलटून पालटून विश्रांती मिळेल. मानधन रोजच्या रोज द्या, अंतिम सामन्यानंतरचं पाकीट नको. रात्री परत सोडायला गाडी ठेवा.

फक्कीवाला
आणि कार्ड खिशात ठेवू द्या. हुज्जत घालणाऱ्याला हिरवं, पुन्हा केलं तर पिवळं, दोन मिनिटं बाहेर. गडी कितीही लाडका असो, मंडळाने मध्ये पडायचं नाही.

लॉबीतला_गडी
अवांतर: मॅटवर बूट लागतात.

मंडळाचा_चिटणीस
एक मैदान चालेल, अध्यक्षांशी बोलतो. पण त्या चौघांना पैसे रोजच्या रोज दिले होते, गाडीही होती.

तिसरी_चढाई
मग गेल्या वर्षी काही झालं होतं का?

मंडळाचा_चिटणीस
विशेष काही नाही. उपांत्य सामन्यात सरपंचाने चढाईपटू बाद दिला, लोक ओरडायला लागले, म्हणून अध्यक्षांनी माइकवरून पुन्हा चढाई घ्यायला लावली. त्याचा काय संबंध?

फक्कीवाला
चौघांनाही अध्यक्षांना घेऊन भेटा. फोन करू नका.