परदेशातून आल्यावर घराकडे नीट कसं बघावं?

प्रश्न:
बाहेरचा देश पाहून आलं की घरचं सगळं एक तर मागासलेलं वाटतं, नाहीतर ‘आपण किती नशीबवान’ एवढ्यावर विषय संपतो. आपल्याला आयतं काय मिळालंय हे प्रवासात खरंच कळावं, तर काय बघावं?

उत्तर १:
पासपोर्टपासून सुरुवात करा. शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) 180 दिवसांत 90 दिवस राहण्याची मर्यादा व्हिसा लागणाऱ्याला आणि न लागणाऱ्याला सारखीच. पण पहिल्याला आधी बँकेचं स्टेटमेंट आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा दाखवून अर्ज मंजूर करून घ्यावा लागतो. दुसरा तिकीट काढतो आणि निघतो. दोघांचं कर्तृत्व यात कुठेच मोजलेलं नाही.

उत्तर २:
विनिमय दराने गुणून ‘इथे सगळं स्वस्त’ म्हणू नका. केस कापणं, घरभाडं यांचे भाव तिथल्या मजुरीवर ठरतात, कारण या गोष्टी सीमेपार विकता येत नाहीत. वर्ल्ड बँक दारिद्र्यरेषा क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या पैशात तिथे प्रत्यक्ष किती विकत घेता येतं त्यावरून, मोजते ती म्हणूनच; 2025 पासून ती रोज 3 डॉलर आहे, 2021 च्या किमतींनुसार. सोपा हिशेब: जेवणाची किंमत भागिले तिथलं तासाचं किमान वेतन, गुणिले 60. किती मिनिटं राबल्यावर ते जेवण मिळतं, ते कळेल. घरी परतल्यावर हाच हिशेब करा, पण स्वतःच्या पगारावर नको. तुमच्याकडे घरकाम करणाऱ्या व्यक्तीच्या पगारावर करा.

उत्तर ३:
हिशेब पटला, किमान वेतनाचा आकडा नाही पटला. बऱ्याच ठिकाणी तो कागदावरच राहतो. दुकानाबाहेर ‘कामाला माणूस पाहिजे’ अशी पाटी असते, तिच्यावरचा पगार घ्या.

आणि रस्त्यावर कोण दिसतं ते बघा. काही शहरांत व्हीलचेअरवरची माणसं जास्त दिसतात. तिथे अपंग जास्त आहेत असं नव्हे, ती बाहेर पडू शकतात. फूटपाथच्या टोकाला उतार आहे का, तो मध्येच खांबाला जाऊन अडतो का, बसची पायरी खाली येते का, हे पाहा. मग आपल्या गल्लीत कोण दिसत नाही ते आपोआप लक्षात येतं. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याला अडत नाही त्याला ती पायरी दिसतच नाही.

प्रश्नकर्ता:
या नोंदी परतल्यावर लिहिल्या तर?

उत्तर २:
तिथेच लिहा. परतल्यावर पुन्हा जुळवून घेताना मन खाली-वर होतं. गुलाहॉर्न या अमेरिकी संशोधक दांपत्याने 1963 मध्ये हे मांडलं होतं. त्या काळात घराबद्दलचं मत टोकाचं असतं. आकडे तिथले ठेवा, निष्कर्ष महिन्याभराने काढा.