लोकलमधले एक काका पाठ सोडत नाहीत. तक्रार करता येते का?

डोंबिवली ते घाटकोपर लोकल आणि तिथून मेट्रोने मरोळ नाका, असा माझा रोजचा प्रवास आहे. गर्दीतले 'चुकून' लागणारे हात, लेडीज डब्याच्या जाळीपलीकडून टक लावून बघणारे, हे कॉलेजपासून पाहत आलेय. तिथे कोपर चालतं, आवाज चढवता येतो. इथे त्यातलं काहीच कामाचं नाही, म्हणून विचारतेय.

उन्हाळ्यात एसीचा पास काढला. त्या गाडीत कल्याणहून येणारे एक पन्नाशीचे गृहस्थ शेजारी असायचे. आडनाव काय, मूळ गाव कुठलं, ऑफिस कुठे, अशा नेहमीच्या चौकश्या झाल्या. मग ते माझ्यासाठी बॅग ठेवून जागा धरायला लागले. नको म्हटलं की, "अगं बस, मुलीसारखी आहेस मला." आजूबाजूचे लोक कौतुकाने बघणार. डोंबिवलीला चढून बसायला मिळणं म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको.

एकदा मी मंगळवारी रजा घेतली. नंतर भेटल्यावर विचारतात, "घरून काम तर बुधवारी असतं ना तुझं?" हे मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही. मग आयकार्डवरचं पूर्ण नाव वाचून फेसबुकवर रिक्वेस्ट. ती काढून टाकली तर इन्स्टावर. मी एसी सोडून साध्या गाडीच्या लेडीज डब्यात जायला लागले. थोडे दिवस बरे गेले, आणि आता ते घाटकोपरच्या पुलावर, मेट्रोकडे वळतो तिथे उभे असतात. त्यांचं ऑफिस तर पुढे भायखळ्याला आहे, असं त्यांनीच सांगितलंय!

अंगाला हात नाही, वावगा शब्द नाही. आई म्हणते गाडी बदल. एकदा बदलली, आता पुढची धरली तर लेटमार्क. भाऊ म्हणतो, दाखव फक्त. तेही नको, मारामारी झाली तर आत तोच जाईल. पोलिसांना काय सांगू, माझी विचारपूस करतात म्हणून? शिवाय जायचं कुणाकडे, आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) की लोहमार्ग पोलीस?

मध्यरेल्वेकर : गुन्हा लोहमार्ग पोलीसच नोंदवतात. आरपीएफवाले गाडीत आणि फलाटावर मदतीला येतील, पण एफआयआर त्यांच्याकडे होत नाही. डोंबिवलीला लोहमार्ग पोलीस ठाणं आहे, तिथेच जा. हद्दीचं कारण देऊन परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, नोंद तिथेच. प्रवासात काही झालं तर रेल्वेची हेल्पलाइन १३९ किंवा लोहमार्ग पोलिसांची १५१२.

निवांत_नाना : एकटा माणूस असेल बिचारा. वडिलांच्या वयाचा आहे, उगाच त्याच्या नोकरीवर गदा कशाला?

धागाकर्ती : नाना, माझ्या वडिलांना माझं बुधवारचं वेळापत्रक माहीत नाही.

काळाकोट : कोर्टात रोज हेच बघते, म्हणून लिहिते. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाचं आहे, आणि त्याला हात लावलेला असण्याची गरज नसते. बाईने नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा मागे येत असेल, संपर्काचा प्रयत्न करत असेल, तर ते लागू होतं. सगळी मदार त्या 'स्पष्ट' वर. गाडी बदलणं, रिक्वेस्ट काढून टाकणं याचा उपयोग होईल, पण समोरचा वकील म्हणणार, तिने नाही कधी म्हटलं? म्हणून एकदा चार लोकांत, मोठ्याने : "माझ्याशी बोलू नका, माझ्या मागे येऊ नका." 'काका' म्हणू नका. 'प्लीज' तर मुळीच नको. सोबत एखादी मैत्रीण असू दे, साक्षीला. पहिल्या वेळी गुन्हा जामीनपात्र आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. पुष्कळदा तिथवर जावंच लागत नाही, ठाण्यात बोलावणं गेलं की भायखळ्याचे लोक भायखळ्याला उतरायला लागतात.

धागाकर्ती : हे कुणीच असं सांगितलं नव्हतं. शेजारच्या सीटवरची एक ताई येते म्हणालीय. इन्स्टाची रिक्वेस्ट अजून तशीच आहे, ब्लॉक करू का?

काळाकोट : आधी स्क्रीनशॉट घ्या, प्रोफाइलचं नाव आणि तारीख दिसेल असा. ब्लॉक नंतर. पुलावर कोणत्या तारखेला किती वाजता दिसले तेही लिहून ठेवा, सीसीटीव्ही मागवताना नेमकी वेळ सांगावी लागते. आणि तक्रार अर्जाची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.