मदत हवी आहे: बटेरची ३ दिवसांची पिल्लं रोज मरताहेत, ऊब कमी पडतेय की खाणं चुकतंय?

बोरीकाठचा:
नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतोय, चुका समजून घ्या. आम्ही अमळनेर तालुक्यातले, शेतात कपाशी आणि दादर (रब्बी ज्वारी). हौस म्हणून बटेरची (जपानी क्वेल) ६० अंडी आणली, थर्माकोलच्या डब्याचं घरीच बनवलेलं मशीन आहे त्यात लावली, १७व्या दिवशी संध्याकाळी आतून टकटक सुरू झाली आणि १८व्या दिवशी दुपारपर्यंत ४३ पिल्लं बाहेर. एकेक पिल्लू अंगठ्याच्या पेराएवढं, पोराने किराणा मोजायच्या काट्यावर ठेवून पाहिलं तर ७-८ ग्रॅम. सगळं घर डब्याभोवती, टीव्ही बंद.

आणि आता आज तिसरा दिवस तर ३१ उरलीत. पहिल्या रात्री २ गेली, दुसऱ्या रात्री ४, काल रात्री ६. कालच्या सहापैकी ५ खोक्याच्या कोपऱ्यात एकावर एक चढलेली, खालची अगदी चपटी झालेली, आणि एक पाण्याच्या वाटीत. दोन-तीन पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकलेत, उभंच राहता येत नाही.

व्यवस्था अशी आहे की केळी भरायचा मोठा खोका घेतलाय, खाली वर्तमानपत्र, वरून ६० वॅटचा पिवळा बल्ब सोडलाय, थर्मामीटर टांगलाय तो बरोबर ३७ दाखवतोय. खायला घरच्या गावरान कोंबड्यांसाठी आणलेलं लेयरचं खाद्य देतोय, पण ते नुसते टोचून सोडून देतात. इकडे रात्री ९-१० अंशावर येतंय आणि लाईटचा तर काही भरवसाच नाही. माय सकाळपासून बोलून राहिली, 'जीव शेतस त्या, खेळणं नही' (जीव आहेत ते, खेळणं नाही). काय चुकतंय कळत नाही, प्लीज लवकर सांगा.

केळीवाला_सावदा:
भो, ३७ दाखवतोय ना, मग पिल्लं एकावर एक का चढली? थंडी वाजल्याशिवाय ती ढीग करत नाहीत. थर्मामीटर नेमका कुठे टांगलाय ते सांग पहिले. आणि खोका कशावर ठेवलाय?

बोरीकाठचा:
थर्मामीटर बल्बच्या बाजूलाच, पिल्लांपासून हातभर वर असेल. खोका ओसरीत, फरशीवर.

केळीवाला_सावदा:
मग झालं. तू बल्बचं तापमान मोजून राहिला, पिल्लांचं नाही. थर्मामीटर काढ, खाली पिल्लं बसतात तिथे कागदावर आडवा ठेव, पंधरा मिनिटांनी काय येतं ते टाक इथे.

बोरीकाठचा:
२८!! बल्बच्या बरोबर खाली ३१, कोपऱ्यात २८. हे तर दुपारचं, रात्री काय होत असेल.

शिरपूरची_वहिनी:
दादा, पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ ते ३७ लागतं. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश उतरवत जायचं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंगावर पिसं भरली की दिवसा बल्ब नसला तरी चालतं, पण आपल्याकडच्या जानेवारीत रात्रीचा ठेवावाच. मी चौथं वर्ष करतेय, पहिल्या वर्षी माझी पण निम्मी अशीच गेली म्हणून सविस्तर लिहिते.

खोका आत्ताच फरशीवरून उचला. खाली थर्माकोलची शीट नाहीतर दोन पोती घाला, शहाबादी फरशी रात्रभर ऊब ओढून घेते. बल्ब खाली घ्या पण पिल्लांच्या उडीला लागणार नाही इतकाच, नाहीतर ६०चा १०० करा. बल्ब पिवळा तारेचाच हवा, एलईडी नुसता उजेड देतो. वरून खोका चारपैकी तीन भाग गोणपाटाने झाका, बल्बपासून वीतभर लांब ठेवा आणि वायर पक्की बांधा, गोणपाट बल्बवर पडलं तर पिल्लं राहू द्या, घर पेटेल. आणि ते कोपरे बंद करा हो, पुठ्ठ्याची पट्टी वाकवून आत गोल रिंगण करा. ढीग कोपऱ्यातच होतो, गोलात चेंगरायला जागा मिळत नाही. एका बाजूला ऊब आणि दुसरी बाजू जरा गार असू द्या, मग ज्याला जिथे बरं वाटेल तिथे ते जाईल.

खरं सांगू तर थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिव चिवचिव सतत, म्हणजे थंडी. बल्बपासून लांब कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा, म्हणजे गरम झालं. सगळीकडे विखरून पसरलीत, काही खातायत, काही पाय लांब करून झोपलीत (पहिल्यांदा बघाल तर मेलं की काय वाटेल) म्हणजे बरोबर.

वर्तमानपत्र काढा. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात, पाय फाकायचं कारण तेच. गोणपाट अंथरा किंवा जुना खरखरीत टॉवेल. ज्यांचे फाकलेत त्यांना चिकटपट्टीची बारीक पट्टी दोन्ही पायांत आठच्या आकड्यासारखी बांधा, पाय नेहमी जितके लांब असतात तितकं अंतर ठेवून. पहिल्या दोन-चार दिवसांत बांधली तर बहुतेक सरळ होतात, उशीर केला तर नाही.

पाण्याला वाटी नको. बरणीचं उथळ झाकण घ्या, त्यात पोराच्या गोट्या भरा आणि फटीत राहील तेवढंच पाणी, कोमट. भिजलेलं पिल्लू थंडीत तासभरात जातं.

निवृत्त_पशुधनवाला:
वहिनींनी ऊबेचं सगळं सांगितलं, मी खाण्याचं सांगतो. लेयरचं खाद्य आजच बंद. ते अंडी घालणाऱ्या कोंबडीसाठी असतं, त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्क्यांपर्यंत, एवढ्याशा पिल्लाच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही, आणि प्रोटीन १६-१८ टक्केच. बटेरच्या पिल्लाला प्रोटीन २४ टक्क्यांच्या पुढे लागतं, कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त, कारण ते वाढतंही तसंच, मादी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते. ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर (मांसाच्या कोंबडीच्या अगदी लहान पिल्लांचं खाद्य) मिळेल, ते २२-२३ टक्के असतं, त्यावर उकडलेलं अंडं किसून दिलं की भागतं. उरलेलं अंडं दोन तासांत काढून घ्यायचं, नाहीतर आंबतं.

दाणा मोठा असेल तर खात नाहीत, तुमची टोचून सोडतात ते त्यामुळेच. मिक्सरला एक फेर द्या आणि चाळा, रव्याएवढं बारीक. दादरीचं किंवा बाजरीचं पीठ नुसतं घालू नका, पोट भरतं पण वाढ होत नाही. सुरुवातीला ताटलीत न ठेवता गोणपाटावरच भुरभुरा आणि बोटाने टकटक करा, आई टोचतेय असं वाटून खायला लागतात.

लाईटबद्दल. घरात इन्व्हर्टर असेल तर बल्ब त्यावर घ्या. नसेल तर बाटलीत कडक गरम पाणी (उकळतं नाही, बाटली आक्रसते), वरून पायमोजा चढवून मधोमध आडवी ठेवा. चुलीत तापवलेली वीट पोत्यात गुंडाळून चालते. पण कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नको, धूर दिसत नसला तरी तिच्यातून विषारी वायू निघतो, त्याने पिल्लंच नाही, माणसंही जातात.

नंदुरबारी:
यातच विचारतो, दादर कापताना शेतात लाव्ह्याची पिल्लं सापडतात, ती आणून अशीच वाढवली तर?

निवृत्त_पशुधनवाला:
नाही. ते रानातले लावे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात, धरायचे नाहीत. पाळतात ते जपानी बटेर, ते आपल्याकडे १९७४ साली बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणले आणि तिथून पसरले. दिसायला भाऊबंद, कायद्याला वेगळे. पिल्लं दिसली तर तेवढा तुकडा कापायचा ठेवा, आई जवळच असते.

बोरीकाठचा:
मंडळी, चार दिवसांनी येतोय. २८ आहेत. त्याच रात्री एक गेलं आणि पाय फाकलेल्यांपैकी दोन नंतर गेली, पण तिसऱ्याची पट्टी काल सोडली तर पळतंय, किंचित लंगडतं. बाकी एकही नाही गेलं. खोका घरात घेतला, खाली पोती, गोल रिंगण, आता थर्मामीटर गोणपाटावर आडवा पडलेला असतो आणि त्याच्यावर पिल्लं झोपतात.

परवा रात्री लाईट गेली अडीचला. बाटल्या भरेपर्यंत मायने खोक्यावर आजोबांची घोंगडी टाकली आणि स्वतः शेजारी बसली, सकाळपर्यंत उठलीच नाही. चारला लाईट आली तरी. आता तीच खाद्य चाळते, आमच्या रव्याच्या चाळणीने, त्यामुळे घरात उपमा बंद.

एका पिल्लाच्या मागे विष्ठा वाळून चिकटली होती, बूडच बंद. कोमट पाण्याच्या कापसाने मऊ करून काढली आणि कोरडं करून मगच सोडलं, बरोबर ना? आणि आजपासून उड्या मारायला लागलीत, दोन खोक्याच्या काठावर येऊन बसली होती, घरात मांजर आहे. वरून काय लावू?

शिरपूरची_वहिनी:
बरोबर केलं, ओढून काढायची नाही एवढंच. तसं आणखी दोन-तिघांना दिसलं तर बल्ब कमी-जास्त होतोय का ते बघा, थंडी लागली की होतं तसं.

वरून मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा, बल्बला लागू देऊ नका. मांजरासाठी मात्र ते पुरायचं नाही, मच्छरदाणीवरून लोखंडी जाळी टाका आणि त्यावर पाटा ठेवा. माझ्या मांजराने दगड सरकवलाय.

केळीवाला_सावदा:
आणि भो, मायला नवी चाळणी घेऊन दे.